‘दम’ या शब्दाचा दावा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की मौजे कुरुंदा येथे आमच्या ओट्यावर दाखल झालेला ‘दम’ या शब्दाचा दावा आजतागायत निकाली निघालेला नाही. मुद्दई माझे सासरे. मुद्दालेह मशिदीच्या गल्लीतले मौलवीसाहेब. मुद्देमाल दोन अक्षरं. साक्षीदार मी एकटी, तीही दाराआडून, हाताला कणीक लागलेली. दोन्ही पक्षकार आता हयात नाहीत, तेव्हा साक्षीदाराने तोंड उघडायला हरकत नसावी.

मी लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर नरसीचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा परभणीला कारकून, तो सणावारी यायचा. म्हणजे घरात मी आणि मामंजी. मामंजी देवळात पुराण सांगत, लोकांच्या पत्रिका बघत आणि उरलेला वेळ शब्दांच्या पाठीमागे लागत. मौलवीसाहेब सरकारी शाळेत उर्दू शिकवत आणि मशिदीत नमाज पढवत. राज्य निजामाचं होतं. पोरं शाळेत उर्दूत शिकत, घरी मराठीत जेवत आणि मार खाताना दोन्ही भाषांत रडत.

संध्याकाळची नमाज झाली की मौलवीसाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असे. ती मी धुवायची आणि परत कोनाड्यातच ठेवायची. हे त्यांना ठाऊक होतं, मामंजींना ठाऊक होतं, आणि या विषयावर दोघांपैकी कोणीही कधी तोंड उघडलं नाही. एरवी जगातला एकही विषय त्यांनी सोडला नव्हता.

दाव्याची सुरुवात झाली त्या दिवशी मौलवीसाहेब पायऱ्या चढून आले आणि खांबाला धरून उभे राहिले.

“जरा दम घेऊ द्या शास्त्रीजी.”

“घ्या की. आमचाच शब्द हाय, तुमाला काहून न्हाई म्हणू?”

“तुमचा? दम फारसी लफ्ज आहे. दम म्हणजे सांस.”

“दम म्हणजे निग्रह. इंद्रियं आवरणं. तुमची फारसी पाळण्यात बी नव्हती तवापासून.”

“बराबर. मग इंद्रियं आवरा आणि चहा सांगा.”

इथून पुढे कैक संध्याकाळी त्या दोन अक्षरांवर गेल्या. मौलवीसाहेब म्हणत, फारसीत दम म्हणजे श्वास, आणि एक श्वास घ्यायला लागतो तेवढा क्षण, तोही दमच. शिवाय तलवारीची धार म्हणजे दम, आणि लोहाराचा भाताही दम. मामंजी विचारत, एवढं सगळं एका शब्दावर लादायला तुमच्याकडे शब्द कमी पडतात का. मग मौलवीसाहेब मराठीवर घसरत. तुमच्यात तर अजब तमाशा आहे म्हणत. बैलात दम आहे म्हणजे तो ताकदवान, आणि बैलाला दम लागला म्हणजे तो थकला. एकच शब्द बैलाला उठवतो आणि बसवतोही. पोराला दम दिला म्हणजे धमकावलं, आणि दम धर म्हटलं म्हणजे थांब, होईल सगळं ठीक. तुमच्या पोरानं ओळखायचं कसं, की बाप मारणार आहे का समजावणार आहे?

“पोराला बापाचं तोंड दिसतं की,” मामंजी म्हणाले.

एकदा मला राहवलं नाही. मी दाराआडून विचारलं, “आणि आज सकाळी आमटीत दम नाही म्हणालात, ते संस्कृत होतं का फारसी?”  मग मौलवीसाहेबांचा आवाज आला, “शास्त्रीजी, कोर्टात तिसरा पक्ष हाजिर झाला.” त्या रात्रीची आमटी मामंजींनी दोनदा वाढून घेतली.

वसमतच्या सरकारी दवाखान्यात एक तेलंगणातला कंपाउंडर होता. महिन्या-दोन महिन्यांनी औषधांची पेटी घेऊन कुरुंद्याला यायचा आणि आमच्याकडे पाणी प्यायचा. त्यालाही या दोघांनी साक्षीला ओढलं. तो म्हणाला, आमच्याकडे ‘दम्मु’ म्हणजे धाडस, छाती. मामंजींनी ते निग्रहाच्या बाजूने मोजलं आणि मौलवीसाहेबांनी श्वासाच्या. कंपाउंडरने दोघांकडे पाहिलं, पेटी उचलली आणि निघून गेला. पुढच्या खेपेला तो आमच्या ओट्याकडे न बघता पुढे गेला.

एका संध्याकाळी मात्र मौलवीसाहेब गमतीत नव्हते. चहा तसाच ठेवून म्हणाले, “एक मी तुमाला सांगितलंच न्हाई. अरबीत दम म्हणजे खून. रक्त.”  दुसऱ्या दिवशी मामंजी सकाळपासून पोथ्या उलगडून बसले आणि संध्याकाळी मौलवीसाहेब पायरी चढायच्या आत म्हणाले, “वेदात दम म्हणजे घर. राहतं घर.” मौलवीसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “घर,” ते म्हणाले. “हे चांगलं केलंत.”

आता या शब्दाचा एक अर्थ उरला, तो मी सांगते, कारण तो आम्हा बायकांच्या ताब्यातला होता. दम करणं. लेकरू आजारी पडलं, रात्री दचकून उठायला लागलं, दूध टाकायला लागलं, की आमच्या गल्लीतल्या बायका, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत, पाण्याची वाटी घेऊन संध्याकाळी मशिदीच्या पायऱ्यांपाशी उभ्या राहायच्या. नमाज संपवून माणसं बाहेर पडत. येणारा प्रत्येक जण तोंडातल्या तोंडात कुराणातली एखादी आयत म्हणे, लेकराच्या तोंडावर हलकी फुंकर घाली, वाटीतल्या पाण्यावर एक घाली आणि वाटेला लागे. सालदार, विणकर, अत्तरवाला, सगळे. शेवटी मौलवीसाहेब. कोणी काही मागत नसे, कोणी काही देत नसे. ते पाणी लेकराला पाजायचं, झालं.

मामंजींच्या धर्मात दुसऱ्याची फुंकर लागलेलं पाणी म्हणजे उष्टं. म्हणून मी ते माझ्या लेकीला मशिदीच्या पायरीवरच पाजून, वाटी राखेनं घासून, मग घरात न्यायची. जाताना मामंजींना सांगायची, “वातींना कापूस आणायला जाते.” ते पोथीतून वर न बघता म्हणायचे, “जा.” आमच्या घरात वातींना इतका कापूस लागायचा की गावातल्या सगळ्या देवांची सोय झाली असती.

मग सत्तेचाळीस साल आलं, आणि ओटा ओस पडायला लागला. आधी रझाकार झालेल्या पोरांनी मौलवीसाहेबांना हटकलं, की रोज कुठं जाऊन बसता, कुणाचा चहा पिता. ते यायचे थांबले नाहीत, पण अंधार पडल्यावर यायला लागले, आणि मग उभ्याउभ्याच चहा घ्यायला लागले, आणि मग आलेच नाहीत. पुढच्या साली सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. काही दिवसांत निजामाचं राज्य गेलं. रझाकार पळाले, आणि त्यांनी केलेल्याचा जाब जे पळाले नव्हते त्यांना विचारला जायला लागला. आसपासच्या गावांत काय काय झालं ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. आमच्या गावात कोणी मेलं नाही. पण मशिदीच्या गल्लीत दिवसाही दारं लावलेली असायची, चुलीचा धूर दिसायचा नाही, आणि अजान बंद झाली होती.

मामंजी ओट्यावर एकटेच बसत. मी एकदा म्हटलं, “जाऊन या ना त्यांच्याकडे.” म्हणाले, “मी गेलो तर त्याला वाटंल, बघायला आला.” मग थोड्या वेळानं, “आन् न्हाई गेलो तर वाटंल, न्हाई आला.” आणि जागचे हलले नाहीत.

माझी मुलगी तेव्हा अडीच-तीन वर्षांची होती. दिवाळीच्या सुमाराला तिला डांग्या खोकला लागला. ज्यांनी हा खोकला ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. लेकरू खोकतं, खोकतं, खोकतच राहतं, मधे श्वास घ्यायला जागाच राहत नाही. तोंड आधी लाल होतं, मग जांभळं. डोळे बाहेर येतात. मग सगळं थांबतं. त्या थांबण्यात आईचं काय होतं ते असो. आणि मग एकदम, कोंबड्याच्या आरवण्यासारखा लांब आवाज करत लेकरू श्वास आत ओढतं. दर वेळी मला वाटायचं, या वेळी तो आवाज येणार नाही.

नवऱ्याला यायला जमत नव्हतं, वाटा अजून धड नव्हत्या. वसमतचा कंपाउंडर आपल्या मुलखात निघून जायच्या आधी शेवटचा येऊन गेला होता. त्यानं तिच्या छातीला कान लावला, लाल औषधाची बाटली दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “अम्मा, खरं सांगतो, याला औषध न्हाई. लेकरात दम्मु असला तर निभावतं.” आणि या वेळी त्यानं त्या शब्दाचा अर्थ सांगितला नाही.

पुढं ही मुलगी इंग्रजी शिकली. एकदा कोश चाळत होती, तर मला हाका मारत आली, की आई, इंग्रजीत दम लिहिला की त्याचा डॅम होतो, म्हणजे नदीला घातलेला बांध, आणि त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द आहे तो म्हणजे जनावराची आई. शिंगराची आई घोडी, कोकराची आई मेंढी. तो म्हणे जुन्या एका शब्दातून आला, घराची मालकीण अशा अर्थाच्या. मी म्हटलं, तुझे आजोबा असते तर आज ओट्यावर उड्या मारल्या असत्या. (तर ती वाचली, हे आता तुम्हाला कळलंच. गोष्ट सांगताना लोकांना ताटकळत ठेवायला मला एरवी फार आवडतं. पण या एका बाबतीत नको.)

पण तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होते आणि तिचा श्वास मोजत होते.

अशात एका संध्याकाळी अजान ऐकू आली. कितीतरी दिवसांनी. आवाज मौलवीसाहेबांचाच, पण खाली धरलेला, शेजारच्याला सांगावं इतकाच. आता मी पुढं जे केलं त्यात विचार असा काही नव्हता. अजान झाली म्हणजे नमाज होणार, नमाज झाली म्हणजे माणसं बाहेर येणार. मी मुलीला कडेवर घेतलं, वाटीत पाणी घेतलं आणि चपला घातल्या.

“कापूस आणायला जाते.”

वाण्याचं दुकान महिनाभर बंद होतं. मामंजींनी पोथीतून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. “जा,” म्हणाले.

गल्लीत आले तर समोरच्या दारातून सोनारीण बाहेर पडत होती, कडेवर पोरगं, हातात वाटी. तिच्या मागं कुंभाराची सून. खोकला काही एकट्या माझ्या घरात नव्हता.  आम्ही पायऱ्यांपाशी गेलो आणि रोजच्यासारख्या ओळीनं उभ्या राहिलो. दार बंद होतं. आत नमाज चालू असणार, म्हणून आम्ही थांबलो.

आता बायका अशा दिवसांत अंधार पडताना बाहेर गेल्या म्हटल्यावर घरचे पुरुष मागोमाग आले. सोनार आला, कुंभार आणि त्याचे भाऊ आले. शेतातून परतणारे दोघं-तिघं काय चाललंय म्हणून थांबले. आमच्याकडे अंधारात बाहेर पडणारा माणूस सापाकिरड्यासाठी हातात काठी घेतोच. कंदील होते. सगळ्यांत शेवटी मामंजी आले, त्यांच्याही हातात काठी, कारण त्यांना गुडघ्यांमुळे तिच्याशिवाय चालता येत नसे. आणि सगळे, देवळाच्या दारात उभं राहावं तसे, न बोलता उभे.

दार काही उघडेना.

“आज नमाज लांबली काय?” कुंभाराची सून म्हणाली.

“दार वाजव की,” सोनारीण म्हणाली.

मी वर गेले आणि कडी वाजवली. आत कोणीतरी चालत होतं, ते थांबलं. मग काहीतरी जड फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज आला आणि ते आतून दाराला लावलं गेलं. त्यावर आणखी काहीतरी.

मी मागं वळले. आणि आतल्या माणसाला फटीतून काय दिसत असेल ते मला पहिल्यांदा दिसलं. कंदील. काठ्या. गप्प उभी असलेली माणसं. आणि त्यांच्यापुढं, हातात वाट्या घेतलेल्या आम्ही, उजेडाकडे पाठ असल्यामुळे आतून नुसत्याच काळ्या आकृत्या असणार. आख्ख्या गल्लीतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या या पायऱ्यांवर उभं राहून आम्हाला वाटलंच नव्हतं, की आपल्याला बघून इथं कोणी घाबरेल.

मामंजींनाही ते माझ्याबरोबरच कळलं असावं. ते पुढं आले. “काठ्या खाली ठेवा,” म्हणाले.

“काहून जी?”

“ठेव म्हणतो ना. आन् मागं सरा सगळे. त्या निंबापाशी जाऊन बसा. बसा, उभं न्हाई राहायचं.”

पुरुष मागं गेले, बसले. मामंजींनी स्वतःची काठी पायरीला टेकवली आणि खांबाला धरून उभे राहिले. तरी आतून काही हालचाल नाही. मी दाराला तोंड लावून म्हटलं, “मौलवीसाहेब, मी शास्त्र्यांची सून. पाणी आणलंय.” आत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, “मत खोलो.” त्यांचं तरी काय चुकलं? बायकोला, सुनेला पुढं करून दार उघडायला लावल्याच्या गोष्टी त्यांनीही आजूबाजूच्या गावांतून ऐकल्या असतील.

मग माझ्या मुलीला उबळ आली.

मी तिला पालथी मांडीवर घेऊन पायरीवरच बसले. ती खोकत राहिली. वाटी लवंडू नये म्हणून सोनारणीनं हातात घेतली. खोकला दारावर आपटत होता, मशिदीच्या भिंतीवरून परत येत होता. मग तो थांबला आणि ते थांबणं आलं.  मी तिच्या पाठीवर हात ठेवून होते आणि पाठ हलत नव्हती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मौलवीसाहेबांच्या फारसीत एका श्वासाएवढ्या क्षणालाही तोच शब्द आहे, पण तो श्वास आला नाही तर त्या क्षणाची लांबी कशानं मोजायची, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तिनं श्वास ओढला. तो लांब, आरवल्यासारखा आवाज सगळ्या गल्लीत गेला.

आतून सामान ओढल्याचा आवाज आला, या वेळी घाईघाईनं. “हटो, हटो, बच्ची है,” असं कोणीतरी म्हणत होतं. दार उघडलं आणि मौलवीसाहेब उंबऱ्यात उभे राहिले.

मी त्यांना ओळखलं ते टोपीवरून. गालफडं आत गेली होती, दाढी वाढून छातीवर आली होती, आणि अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. त्यांच्या मागं अंधारात चार-पाच माणसं होती, ती पुढं आली नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग खाली मामंजींकडे. मामंजी पाठ करून उभे होते. नेहमीची पद्धत अशी, की सून ते पाणी पाजते हे त्यांनी बघायचं नाही, म्हणजे ते झालंच नाही.

“बेटी, पुढं आण तिला,” मौलवीसाहेब म्हणाले.

मी मुलीला उचलून धरलं. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. या वेळी मधे बोलायचं नसतं, गल्लीतल्या लहान पोरालाही ते ठाऊक असतं. निंबाखाली कोणी खाकरत नव्हतं. त्यांनी तिच्या तोंडावर फुंकर घातली. तिच्या कपाळावरचे केस हलले नाहीत. मग सोनारणीनं वाटी पुढं केली. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, वाकले आणि फुंकले. कंदिलाच्या उजेडात ते पाणी मला स्वच्छ दिसत होतं. त्याच्यावर एक तरंग उठला नाही. त्यांनी छाती भरायचा प्रयत्न केला, खांबाला धरलं आणि तिसऱ्यांदा वाकले. पाणी तसंच.

एवढा वेळ पाठ करून उभे असलेले मामंजी कधी वळले ते मी पाहिलं नाही. ते काठीशिवाय दोन पायऱ्या चढून आले होते आणि मौलवीसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. आयत चालू असताना, सगळ्या गल्लीच्या देखत, रागावल्यासारख्या मोठ्या आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“मौलवीसाब, अवो, तुमी जेवले कदी?”